तांब्याचे चिलखत

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. त्याचा किनारा खडकाळ असून भूमीच्या पोटात कथील व तांबे यांच्या खाणी आहेत. या प्रांतातील पेन्झन्स नावाच्या बंदरगावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्री डेव्ही याचा जन्म झाला. समुद्र आणि तांबे या दोन गोष्टी त्याने अगदी लहानपणापासून पाहिल्या. पुढे त्याच्या आयुष्यातील सर्वांत अवघड कसोटीही या दोहोंच्या संबंधातूनच उद्भवली.

हंफ्रीचे वडील लाकडावर कोरीव काम करीत. पाच भावंडांत हंफ्री थोरला होता. शाळेतील पाठांतरात त्याचे मन फारसे रमत नसे. परंतु गोष्टी सांगण्यात तो मोठा पटाईत होता. रस्त्यात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीवर चढून तो गोष्ट सांगू लागला, की भोवताली मुलांचा घोळका जमे. १७९४ साली त्याचे पितृछत्र हरपले. कुटुंबाच्या डोक्यावर कर्ज होते. आईने धीर न सोडता स्त्रियांच्या टोप्या विकण्याचे दुकान घातले आणि मुलांचा सांभाळ केला. आईचे हे कष्ट पाहून हंफ्रीच्या वृत्तीत पालट झाला. पुढच्याच वर्षी तो गावातील एका वैद्याच्या हाताखाली औषधे तयार करण्याचे काम शिकू लागला. त्याने स्वतःसाठी अभ्यासाची एक लांबलचक यादी आखली आणि एकेक विषय स्वतःच शिकावयास आरंभ केला. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि त्याला आपला मार्ग सापडला. घराच्या माडीवर मोडक्यातोडक्या साहित्याने तो प्रयोग करी. मधूनमधून तेथे होणारे स्फोट ऐकून घरची माणसे घाबरून जात.

या धडपड्या तरुणाची कीर्ती लवकरच गावाबाहेर पसरली. १७९८ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ब्रिस्टल येथील एका संस्थेत त्याला काम मिळाले. निरनिराळ्या वायूंचा रोगांवर उपयोग होतो काय, याचा तेथे शोध चालला होता. डेव्ही ते वायू स्वतः हुंगून पाहत असे. एकदा तर विषारी वायू हुंगल्यामुळे तो मरता मरता वाचला. ज्याला आज आपण हास्यवायू म्हणतो त्याने वेदना कमी होतात, हे त्याने ओळखले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग करता येईल, असेही १८०० साली सुचविले. दुर्दैवाने त्या सूचनेकडे पुढे कित्येक वर्षे कोणी लक्ष दिले नाही.

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत आला. त्याची व्याख्याने ऐकण्यासाठी एवढी गर्दी लोटे, की संस्थेसमोरचा रस्ता घोडागाड्यांनी भरून जाई. परंतु डेव्हीचे खरे कार्य व्याख्यानगृहात नव्हे, तर तळमजल्यावरील प्रयोगशाळेत चालले होते. विजेचा प्रवाह पदार्थांची घटना मोडू शकतो, हे त्याला कळून चुकले होते. १८०७ साली त्याने वितळलेल्या क्षारांतून विजेचा प्रवाह सोडून पोटॅशियम व सोडियम हे दोन नवे धातू वेगळे काढले. पोटॅशियमचे चकाकणारे थेंब बाहेर पडून पेट घेताना पाहिले, तेव्हा तो आनंदाने प्रयोगशाळेत नाचू लागला, असे सांगतात. पुढच्या वर्षी त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम व स्ट्रॉन्शियम हे चार धातूही शोधून काढले. त्यांपैकी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही दोन नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. कारण याच दोन धातूंची पुढे एका निराळ्याच ठिकाणी त्याच्याशी गाठ पडावयाची होती.

मोठे शोध लावूनही साध्या माणसांची दुःखे डेव्ही विसरला नाही. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत भयंकर स्फोट होऊन ९२ माणसे मृत्युमुखी पडली. खाणीत साचणारा वायू दिव्याच्या ज्योतीने पेटत असे. डेव्हीने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १८१५ साली ज्योतीभोवती तारेच्या बारीक जाळीचे आवरण असलेला दिवा तयार केला. ज्योतीची उष्णता जाळीत विभागली जाते, त्यामुळे ज्योत जाळीबाहेर पडून वायूला पेटवू शकत नाही. या शोधाचे एकस्व घेऊन त्याला पुष्कळ द्रव्य मिळविता आले असते. परंतु तसे त्याने केले नाही. खाणीतल्या कामगारांचे प्राण वाचावेत एवढीच त्याची इच्छा होती. १८२० साली त्याला रॉयल सोसायटी या विद्वानांच्या मंडळाचे अध्यक्षपद मिळाले. पेन्झन्समधला पोरका मुलगा इंग्लंडमधील शास्त्रज्ञांचा प्रमुख झाला.

अशा वैभवाच्या शिखरावर असताना १८२३ साली इंग्लंडच्या नौदलाकडून एक प्रश्न त्याच्याकडे आला. तो प्रश्न जहाजांच्या तळाविषयी होता.

त्या काळी जहाजे लाकडाची असत. समुद्रात उतरलेल्या लाकडाला दोन प्रकारचे शत्रू असतात. पहिला टेरेडो नावाचा प्राणी. दिसावयास तो लांबट किड्यासारखा असतो. पण वस्तुतः तो शिंपल्यांच्या जातीचा आहे. तो लाकडात शिरून ते आतल्या आत पोखरून टाकतो. बाहेरून धडधाकट दिसणारी फळी आतून चाळणीसारखी झालेली असते. दुसरे शत्रू लाकूड खात नाहीत, ते त्यावर बिऱ्हाड थाटतात. खडकावर जसे शेवाळ, कालवे आणि शिंपले चिकटतात, तसेच ते जहाजाच्या तळालाही चिकटतात. समुद्राच्या दृष्टीने खडक काय आणि जहाज काय, दोन्ही सारखीच. उथळ पाण्यात जी जी टणक वस्तू मिळेल, तिच्यावर वस्ती करावयास असंख्य जीव टपलेले असतात.

ही वस्ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. एखादी स्वच्छ फळी समुद्रात बुडविली, की प्रथम पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा तिच्यावर जमतो. त्यावर जीवाणू येऊन बसतात. मागोमाग डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती येतात. या सर्वांचा मिळून बुळबुळीत थर तयार होतो. त्यानंतर शेवाळाची बीजुके रुजतात आणि निरनिराळ्या प्राण्यांची पिले येऊन ठेपतात. त्यांत बार्नॅकल हा प्राणी प्रमुख होय. तो शिंपल्यासारखा दिसला, तरी खेकडे व कोळंबी यांच्या कुळातला आहे. त्याचे पिलू पाण्यात स्वैर पोहत असते. अनेकदा कात टाकल्यावर ते अशा अवस्थेला पोहोचते, की त्या अवस्थेत ते काही खात नाही. केवळ घरासाठी जागा शोधते. आपल्या इवल्याशा स्पर्शिकांनी ते पृष्ठभाग चाचपून पाहते. जवळपास आपले जातभाई असतील तर ती जागा त्याला अधिक पसंत पडते. जागा पसंत पडली, की डोक्याच्या बाजूने ते स्वतःला घट्ट चिकटवून घेते आणि भोवताली चुनखडीच्या पट्ट्यांचे कवच उभारते. त्यानंतर ते जन्मभर तेथून हलत नाही. कवचाचे दार उघडून पिसासारखे पाय बाहेर काढावयाचे आणि पाण्यातले अन्न आत ओढून घ्यावयाचे, असा त्याचा जीवनक्रम असतो. अशा हजारो कवचांनी तळ खडबडीत झाला, म्हणजे जहाजाला पाणी कापणे कठीण जाते. त्याचा वेग मंदावतो. युद्धाच्या वेळी शत्रूला गाठणे किंवा त्याच्या तावडीतून सुटणे हे वेगावरच अवलंबून असते.

या दोन्ही शत्रूंवर इंग्लंडने एक उपाय शोधला होता. १७६१ साली अलार्म नावाच्या जहाजाच्या तळावर तांब्याचे पातळ पत्रे ठोकण्यात आले. या चिलखतामुळे टेरेडो लाकडापर्यंत पोहोचेना आणि तांब्यावर शेवाळ व बार्नॅकलही टिकेनात. परंतु १७६३ साली जहाज तपासले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तांब्याच्या संपर्कात असलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते; जेथे खिळा व पत्रा यांच्यामध्ये कागद राहिला होता, तेथे मात्र खिळा शाबूत होता. पुढे तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरून ही अडचण दूर करण्यात आली आणि इंग्लंडच्या सर्व आरमाराला तांब्याचे तळ मिळाले.

तरीही एक उणीव राहिलीच. समुद्राचे खारे पाणी तांब्याला हळूहळू खात असे. काही वर्षांतच पत्रे झिजून विरत व जागोजागी फाटत आणि ते बदलण्यासाठी फार मोठा खर्च येई. तांबे भेसळीचे असेल, असा पुष्कळांचा समज होता. डेव्हीने निरनिराळे नमुने तपासून पाहिले आणि केवळ भेसळीने या झिजेचा उलगडा होत नाही, असे ठरविले. मग त्याचे विचार विजेकडे वळले. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडून ठेवले, तर त्यांच्यात सूक्ष्म वीज वाहू लागते. त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. अलार्म जहाजावर नेमके हेच घडले होते. तेथे तांबे वाचले आणि लोखंड खाऊन गेले. जो प्रकार तेव्हा अपघात होता, त्याचाच उपाय करावयाचे डेव्हीने ठरविले. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा एखादा तुकडा मुद्दाम जोडावा. समुद्र त्या स्वस्त तुकड्याला खाईल आणि महागडे तांबे वाचेल.

प्रयोगशाळेत त्याला आश्चर्यकारक यश आले. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा बारीक लोखंडी खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याचे रक्षण करण्यास पुरेसे ठरले. १८२४ च्या जानेवारीत त्याने आपला शोध रॉयल सोसायटीपुढे मांडला. पोर्ट्समथच्या बंदरात तांब्याचे पत्रे आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्यात आले. तांब्याच्या पृष्ठभागाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या हिश्शाएवढे लोखंड किंवा जस्त जोडले, तर तांबे मुळीच झिजत नाही, असे आढळले. या कामी त्याचा साहाय्यक मायकेल फॅरडे याची मदत होती. बुकबांधणीचे काम शिकलेल्या या गरीब तरुणाला डेव्हीनेच १८१३ साली प्रयोगशाळेत आणले होते. मात्र याच सुमारास फॅरडेला रॉयल सोसायटीचा सदस्य निवडण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा डेव्हीने विरोध केला. थोरांच्याही अंगी उणेपण असते. ते झाकण्याचे कारण नाही. त्या विरोधाला न जुमानता सोसायटीने फॅरडेला निवडले आणि काळाने तो निर्णय योग्य ठरविला.

यशाची बातमी सर्वत्र पसरली. नौदलाने अनेक जहाजांच्या तळांवर बिडाचे ठोकळे बसविले. कोचीन येथे सागवानी लाकडाने बांधलेले सॅमरंग नावाचे जहाज त्यांपैकी एक होते. ते अटलांटिक महासागर ओलांडून नोव्हा स्कॉशियाला जाऊन आले, तेव्हा त्याचे तांबे चांगल्या स्थितीत आढळले. चालत्या जहाजावर तांबे कितपत झिजते हे पाहण्यासाठी १८२४ च्या उन्हाळ्यात डेव्हीने स्वतः एका आगबोटीतून उत्तर समुद्रापार नॉर्वेपर्यंत प्रवास केला.

परंतु जसजशी इतर जहाजे गोदीत येऊ लागली, तसतसा आनंद मावळू लागला. पत्रे शाबूत होते यात शंका नव्हती. पण त्यांवर शेवाळाचे रान माजले होते आणि बार्नॅकलांचे थर साचले होते. संरक्षण नसलेल्या जुन्या जहाजांचे तळ याहून स्वच्छ होते. जहाजे जडावली, त्यांचा वेग मंदावला आणि कप्तान तक्रारी करू लागले. ज्या हेतूने तांबे बसविले होते, तो हेतूच विफल झाला होता.

असे का व्हावे? याचे उत्तर विलक्षण आहे. तांबे समुद्रात हळूहळू विरघळत असते, म्हणूनच ते स्वच्छ राहते. विरघळणारे तांबे सूक्ष्म जीवांना विषासमान असते. त्याच्या संपर्कात आलेली बीजुके व पिले मरतात किंवा दूर जातात. आणि जे चिकटतात, तेही झिजत्या थराबरोबर गळून पडतात. डेव्हीने तांब्याची झीज थांबविली आणि त्याबरोबर त्याचे विषही थांबले. आता ते तांबे समुद्रजीवांना खडकासारखेच निर्धास्त वाटू लागले. शिवाय संरक्षित तांब्यावर समुद्राच्या पाण्यातून एक मातकट पांढरा थर बसतो, हे डेव्हीच्या ध्यानात आले. तो थर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या संयुगांचा होता. सोळा वर्षांपूर्वी ज्या दोन धातूंनी त्याला कीर्ती मिळवून दिली, तेच आता बार्नॅकलांसाठी अंथरूण घालीत होते.

डेव्हीने हार मानली नाही. संरक्षक धातूचे प्रमाण कमी केले, तर तांबे थोडेसे विरघळून स्वच्छ राहील आणि फारसे झिजणारही नाही, असा मध्य गाठण्याचा त्याने प्रयत्न केला. परंतु प्रत्येक समुद्राचे पाणी निराळे, प्रत्येक जहाजाचा प्रवास निराळा. प्रयोगशाळेतील ताटलीत साधणारा तोल महासागरात साधेना. १८२५ साली नौदलाने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरील ठोकळे काढून टाकण्याचा हुकूम दिला. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर ते आणखी काही काळ राहिले. १८२८ साली तेथूनही ते निघाले. वृत्तपत्रांनी डेव्हीची थट्टा केली. कालपर्यंत ज्याचे गुणगान होत होते, त्याला लोक नावे ठेवू लागले. मानी स्वभावाच्या डेव्हीला हे फार लागले. १८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले. प्रकृती सुधारावी म्हणून तो युरोपभर हिंडत राहिला. अशा दुखण्यातही त्याचे लेखन थांबले नाही. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

डेव्हीचा हा प्रयत्न वाया गेला, असे त्या वेळी सर्वांना वाटले. काळाने मात्र निराळा निवाडा दिला. लाकडी जहाजांची जागा पुढे लोखंडी व पोलादी जहाजांनी घेतली. लोखंडाला तर समुद्र फारच झपाट्याने खातो. तेव्हा डेव्हीचे तत्त्व पुन्हा आठवले. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे किंवा अल्युमिनियमचे ठोकळे जोडलेले असतात. ते स्वतः झिजतात आणि जहाजाला वाचवितात. १९२८ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे जमिनीखालील वायूच्या नळांना विजेच्या साहाय्याने असेच संरक्षण देण्यात आले. आता बंदरांचे खांब, तेलविहिरींचे मनोरे आणि मैलोगणती लांबीचे नळ याच तत्त्वावर टिकून राहतात.

बार्नॅकलांचा प्रश्न मात्र निराळ्या मार्गाने हाताळावा लागतो. त्यासाठी तळाला तांब्याचे संयुग मिसळलेला रंग देतात. तो रंग हळूहळू तांबे सोडीत राहतो. म्हणजे एकच पत्रा जी दोन कामे करू शकला नाही, ती कामे आता जस्ताचा ठोकळा आणि रंग यांनी वाटून घेतली आहेत. विसाव्या शतकात कथिलाच्या एका संयुगाचे रंगही वापरात आले. ते फार प्रभावी होते. पण त्यांमुळे जहाजांना न चिकटणाऱ्या निरपराध शिंपल्या-गोगलगायींनाही इजा होते असे आढळले. म्हणून २००१ साली आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी घालण्याचे ठरले आणि २००८ पासून तो करार अमलात आला. आता विषावाचून, केवळ गुळगुळीतपणाने जीवांना चिकटू न देणारे लेप शोधले जात आहेत. आपल्या देशातही गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या विषयावर संशोधन होत आले आहे.

कोकणच्या कोणत्याही बंदरात ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खांबांकडे पाहिले, तर त्यांवर पांढऱ्या कवचांचा पट्टा दिसतो. पाणी ओसरले, की कवचांची दारे मिटलेली असतात. भरतीचे पाणी चढले, की ती उघडतात आणि पिसासारखे पाय पुन्हा हलू लागतात. हंफ्री डेव्हीसारख्या थोर शास्त्रज्ञाला याच चिमुकल्या जीवांनी हार मानावयास लावली होती. त्या हारीतूनच तांबे स्वच्छ का राहते, याचे रहस्य माणसाला उलगडले. प्रयोग फसला तरी तो प्रामाणिकपणे केलेला असेल, तर मागून येणाऱ्यांना त्यातून वाट सापडते, हे डेव्हीच्या चरित्रावरून दिसून येते.